आस्ताच्या पिकअपचे दिवे

"रंग सांग."

"काळा."

"नुसता काळा?"

"काळ्यावर पिवळा धागा."

"एक धागा की दोन?"

"दोन. थांब हं... एकच. दुसरा उंदराचा केस आहे."

डॅशबोर्डच्या खालून वाल्दी थोर्केल्सन हसला. त्याचं डोकं आणि खांदे गाडीच्या पोटात होते, कंबर सीटवर आडवी आणि बूट दाराबाहेर. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने असं लोळू नये, असं मी सकाळपासून सांगत होते. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, "जन्मभर बर्फावर उभा राहिलो. आता आडवा पडतोय तर तुझं काय जातं?"

मी तारेचं टोक त्याच्या बोटांत दिलं. बोटांनी ते चाचपलं, वळवलं, आणि कुठल्याशा अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन स्क्रूखाली बरोबर बसवलं. वाल्दीच्या डोळ्यांचं दोन वर्षांपूर्वी बिनसलं. कडेचं दिसतं, मधलं पुसून गेलंय. माझ्याकडे बघायचं असलं की तो माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघतो. बँकेतल्या नव्या मुलीला तो फार गर्विष्ठ वाटतो. रंग तर त्याला अजिबात कळत नाहीत, आणि जुन्या गाडीच्या वायरिंगमध्ये रंगांवाचून पान हलत नाही. म्हणून त्या आठवड्यात हात त्याचे आणि डोळे माझे अशी आमची भागीदारी चालली होती.

मी धीराची बाई नाही. शाळेची बस चालवते. सकाळी पोरं घ्यायची, दुपारी घरी सोडायची, मधल्या वेळात शेडमधल्या शेगडीत लाकडं सारत वाल्दीला रंग वाचून दाखवायचे. तासाभराने मी म्हणायची, "झालं का रे?" आणि तो म्हणायचा, "झालं असतं तर तुझ्याशी कशाला बोलत बसलो असतो, पोरी?" मी बासष्टची आहे. आमच्या गावात, सांडविकमध्ये, सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, पाद्र्यालासुद्धा. पण वाल्दीला मी कायमची पोरगीच.

गाडी आईची, आस्ताची. हिरवी पिकअप, माझ्या जन्माच्या आधीची. पंधरा वर्षं शेडमध्ये उभी होती आणि तेवढ्यात उंदरांच्या कितीतरी पिढ्या तिच्यात सुखाने नांदल्या. वायरिंगवरचं कापड त्यांनी बाळंतपणांसाठी नेलं, तांबं तेवढं आम्हाला ठेवलं. वाल्दीने शरद ऋतूत इंजिन चालू करून दाखवलं होतं, पण वायरिंगला हात लावला तसा तो म्हणाला, "हे ठिगळ लावायच्या पलीकडे गेलंय. सगळं उपसून नवं टाकायला पाहिजे." मग सीमेपलीकडून, खाली अमेरिकेतून, जुन्यासारखंच कापडी विणीचं वायरिंग बनवणाऱ्या एका कारखान्यातून, तारांची नवी जुडी मागवली. ती यायला तीन आठवडे लागले. आणि आली तेव्हा आमच्या हातात एकच आठवडा उरला होता. येत्या गुरुवारी आई गिमली गावच्या वृद्धाश्रमात जाणार होती.

जायचं तिचं तिनेच ठरवलं होतं. खुबा मोडल्यापासून तिला जिना जमेना, आणि मी बसवर असताना ती एकटी असायची. मी रडले, ती रडली नाही. दातांत साखरेचा खडा धरून कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाली, "तिथं माझ्याहून म्हातारी माणसं आहेत. जरा तरुण असल्यासारखं वाटेल."

मग पुढे म्हणाली, "मात्र त्याआधी मला त्या गाडीचे दिवे बंद करायचेत. माझ्या हातानं."

"बंदच आहेत की गं. पन्नास-पंचावन्न वर्षं."

"विझलेत. बंद कुणी केले?"

वाल्दी त्या वेळी टेबलाशी होता. त्याने कप खाली ठेवला, टोपी घेतली आणि सरळ शेडकडे गेला. मला वाटलं, लघवीला गेला असेल. थोड्या वेळाने बॉनेट उघडल्याचा आवाज आला.

आमचं तळं म्हणजे विनिपेग सरोवर. पलीकडचा काठ दिसत नाही, तरी आम्ही त्याला तळंच म्हणतो; फार मान दिला तर डोक्यावर बसेल, असं जुनी माणसं म्हणायची. हिवाळ्यात ते गोठतं आणि गावातले पुरुष त्याच्यावर मासेमारीला जातात. बर्फाला भोकं पाडून जाळी खाली सोडायची. हवा बिघडली की वर खाली, पुढे मागे सगळं एकच पांढरं होतं आणि काठापासून हाकेच्या अंतरावर आलेला माणूस उलटा चालायला लागतो. अशा वेळी काठावरची माणसं आपापल्या गाड्या तळ्याकडे तोंड करून ओळीने लावतात आणि दिवे लावतात. ज्याचा माणूस आला त्यानेही घरी जायचं नाही. शेवटचा माणूस काठाला लागेपर्यंत एकही दिवा बंद होत नाही. ही आमची रीत, कुणी कुणाला शिकवलेली नाही.

मी सहा वर्षांची होते तेव्हा डिसेंबरात तसा दिवस आला. दुपारीच अंधारलं. आईने मला घोंगडीत गुंडाळून पिकअपमध्ये बसवलं आणि गाडी काठाच्या पार टोकाला, जमिनीचं नाक तळ्यात शिरलंय तिथे, नेऊन उभी केली. कारण बाबांची, म्हणजे पेतुरची, जाळी उत्तरेला होती. त्या बाजूने आले तर त्यांना हेच दिवे आधी दिसले असते. एकेक करून सगळे आले. कुणी ओळीच्या मधल्या दिव्यांवर आलं, कुणी खालच्या. आमच्या दिव्यांवर एकच माणूस आला. तो वाल्दी होता. दुसऱ्याच्या हाताखाली काम करणारा बाविशीतला पोरगा. त्याची गाडी बर्फाच्या भेगेत अडकली होती आणि तो चालत निघाला होता. बाबा आले नाहीत. ओळीतला कुणीही जागचा हलला नाही. आमच्या गाडीतलं पेट्रोल संपलं, मग नुसत्या बॅटरीवर दिवे जळत राहिले, पिवळ्याचे तांबडे झाले आणि पहाटेकडे विझले. आईने बटणाला हात लावला नाही. बाबा वसंतात सापडले, बर्फ फुटल्यावर.

त्यानंतर आईने ती गाडी पुष्कळ वर्षं चालवली. दुकानात, चर्चला, मला शाळेत सोडायला. पण दिवसाउजेडीच. दिव्याचं ओढायचं बटण, विझल्यावर गाडी घरी आणणाऱ्या कुणीतरी आत ढकललं असेल, पण तिने ते पुन्हा कधी ओढलं नाही.

आणि वाल्दी? त्याने काय केलं, हे सांगायला लागले की मला नेहमी वाटतं हे फारच थोडं होतंय. त्याने काहीच केलं नाही, फक्त तो येत राहिला. दर हिवाळ्यात पहिल्या फेरीतला माशांचा पहिला खोका आमच्या दारात. सरपण. गळकं छत. मला गाडी शिकवली ती त्यानेच, याच पिकअपवर, आणि कुंपण पाडलं तेव्हा आईला सांगितलं की कुंपणच चुकीच्या जागी होतं. त्याने लग्न केलं नाही. गावाने त्याचं आणि आईचं नाव जोडून पाहिलं, पण ते काही जमलं नाही. आई म्हणायची, "तळ्यावर जाणाऱ्या माणसाची वाट एकदा बघितली, पुरे झालं." वाल्दी त्यावर हसायचा आणि केकचा दुसरा तुकडा मागायचा. आमचा तो सात थरांचा, आलुबुखार भरलेला केक आई अजूनही स्वतः करते; सहा थरांचा केला तर तो मोजतो आणि तक्रार करतो. मला बाप नव्हता असं मी कधी म्हणत नाही, कारण ते खरं नाही. ते माझं केवढं भाग्य, हे मला फार उशिरा कळलं.

त्या दिवसाबद्दल मात्र ती दोघं एका शब्दाने कधी बोलली नाहीत. हवेबद्दल बोलायची.

मंगळवारी दुपारी शेवटची तार बसली. वाल्दी डॅशबोर्डखालून निघाला तेव्हा त्याच्या पांढऱ्या केसांत उंदरांच्या घरट्याचा कापूस अडकला होता. मी तो काढला.

"आता बॅटरी," तो म्हणाला. "पण आधी कॉफी. हात गार पडलेत. तू थांब, आलोच मी."

तो घरात गेला. मी थांबले. थोडा वेळ थांबले. मग माझ्या मनात आलं की म्हाताऱ्याला वाकायला नको, दोन स्क्रू तर पिळायचे आहेत. बॅटरी जागेवर ठेवली. दोन केबली होत्या. एक आखूड, उघड्या तांब्याची, बॉडीला जाणारी. दुसरी लांब, जुनीच ठेवलेली, तिच्या टोकाला लाल रंगाचा जाड पट्टा. लाल म्हणजे प्लस हे मला न कळायला काय झालं! बसची बॅटरी मी दरवर्षी स्वतः बदलते. लाल प्लसला लावली, आखूड मायनसला, आणि शाबासकी मिळवायला तयार होऊन बसले.

वाल्दी कप हातात घेऊनच आला. "लावलीस?"

"लावली."

"बघू तरी," म्हणून तो बॅटरीकडे तोंड तिरकं करून बघायला लागला, मग हसला. "माझ्या बघण्याला काय अर्थ आहे! मार स्टार्टर."

इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं. काय सांगू, शेडमधली जुनी लाकडं थरथरली, शेगडीची राख उडाली आणि मी टाळ्या पिटल्या. वाल्दीने कप मडगार्डवर ठेवला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. त्याच्या तोंडावर जे होतं ते बघून मला वाटलं, आता दिवे नाही लागले तरी चालतील.

तेवढ्यात वास आला. मग डॅशबोर्डखालून बारीक पांढरा धूर.

"बंद कर! बंद कर! केबल उपट!"

मी केबल उपटली. हात भाजला. धूर थांबला, पण जळलेल्या कापडाचा वास शेडभर झाला. वाल्दीने नव्या जुडीवरून हात फिरवला. जनरेटरकडून येणारी जाड फांदी त्याच्या बोटांना चिकट लागली. मग बॅटरीकडे गेला आणि चाचपून बघितलं.

"प्लसला कुठली लावलीस?"

"लाल."

"लाल?"

"लाल म्हणजे प्लसच ना रे!"

"रूना, लाल म्हणजे पेतुरचं!"

माझ्या लक्षात आलं. आमच्या गावात प्रत्येक घराचा एक रंग असतो. जाळ्यांच्या तरंगांवर, खोक्यांवर, कुऱ्हाडीच्या दांड्यावर तो लावतात, म्हणजे बर्फावर कुणाचं काय ते कळतं. आमचा लाल. बाबा तर जे हलू शकतं त्या सगळ्याला लाल फासायचे, आणि हिवाळ्यात बॅटरीच्या केबलीइतकी उसनी जाणारी वस्तू दुसरी नाही. शिवाय ही गाडी जुन्या पद्धतीची. हिच्यात प्लस बॉडीला जातं आणि मायनसवर गाडी चालते. वाल्दीला हे पाठ होतं. मला विचारायला तोंड नव्हतं का? बॅटरी एकीकडे ओढत होती, जनरेटर दुसरीकडे, आणि मधे आमची नवीकोरी जुडी भाजून निघाली.

"तीन आठवडे लागतात यायला," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "परवा जायचंय तिला."

घराचं मागचं दार उघडलं. आई वॉकर धरून उंबऱ्यात उभी होती. हवेत नाक वर करून तिने वास घेतला.

"काय जाळलंत?"

"लाल केबल प्लसला लावली हिनं," वाल्दीने सांगितलं.

आई अशी हसायला लागली की वॉकर हलायला लागला. "अगं बाई! ह्या घरात लाल म्हणजे प्लस कधीपासून झालं? जिवंत होता तेव्हा माझ्या पोळपाटाला लाल फासला होता त्यानं. माणूस गेला पण त्याची खोड काही जाईना!" डोळे पुसून ती म्हणाली, "कॉफी गार होतेय. जळलं ते जळलं. या आत."

बाबांचं नाव घेऊन आई एवढी मोकळी हसलेली मी किती वर्षांनी ऐकत होते. चुकीबद्दल कुणाचे आभार मानायचे असतील तर मी त्या केबलीचे मानीन.

बुधवारी मी बस लावून शेडमध्ये आले तेव्हा वाल्दीने जळलेली फांदी जुडीतून सोडवून वेगळी काढली होती. शेजारच्या बेग्गीने त्याच्या बर्फावरच्या जुन्या गाडीतली तार काढून आणून दिली होती. बेग्गीला सगळ्या गोष्टींवर मत असतं.

"ही चालेल, पण जाड आहे," तो म्हणाला. "आणि बांधणार कशानं? तशी कापडी पट्टी इथं मिळायची नाही."

"तुझ्या तोंडाला लावायला आणली होती ती उरलीय का थोडी?" वाल्दीने विचारलं.

बेग्गी हसत निघून गेला. वाल्दीने खिशातून जाळी विणायची चपटी लाकडी सुई काढली. तिच्यावर मेण लावलेला जाळ्याचा दोरा भरलेला होता. तारा एकत्र धरून त्याने पहिली गाठ मारली, मग बोटभर अंतर सोडून दुसरी, मग तिसरी. प्रत्येक गाठ मागच्या दोऱ्याखालून घेतलेली, एक सुटली तरी बाकीच्या धरून ठेवणाऱ्या. तो खाली बघत नव्हता. शेगडीकडे तोंड करून बसला होता. साठ वर्षं त्या बोटांनी जाळी सांधली होती, बर्फावर, हातमोजे काढून. त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. मी फक्त रंग सांगत होते आणि तारा हातात देत होते, आणि पहिल्यांदाच मला "झालं का रे" म्हणावंसं वाटलं नाही.

अर्धं झाल्यावर तो म्हणाला, "मी कधी तुझ्या आईचे आभार नाही मानले."

मी पुढची तार त्याच्या हातात दिली.

"त्या दिवशी तिनं मला गाडीत घेतलं, माझे हात तिच्या कोटात घालून चोळले. तू मधे झोपली होतीस. मी म्हणणार होतो काहीतरी. पण काय म्हणू? धन्यवाद, आस्ता, तुझा नवरा नाही आला, मी आलो? हे काय बोलणं झालं?" त्याने गाठ ओढून घट्ट केली. "मग म्हटलं, नंतर. मग मासे घेऊन आलो. मग पुन्हा मासे घेऊन आलो."

"पन्नास वर्षं मासे!"

"चांगले मासे होते."

"होते रे," मी म्हटलं. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "टॉर्च धर नीट." टॉर्चचा त्याला काडीचा उपयोग नव्हता.

"उद्या बोल तिच्याशी," मी म्हटलं. "उद्यानंतर तिथं जेवणघरात चाळीस माणसांसमोर बोलावं लागेल."

"उद्या दिवे लागू देत आधी."

संध्याकाळपर्यंत फांदी परत जुडीत बसली. या वेळी बॅटरी वाल्दीने स्वतः जोडली. लांब केबल मायनसला, आखूड प्लसला, आणि दोन्ही टोकं बोटांनी चाचपून पुन्हा बघितली. इंजिन चालू केलं. आम्ही दोघं नाक वर करून कितीतरी वेळ उभे होतो. वास आला नाही. दिव्याचं बटण मात्र त्याने मला ओढू दिलं नाही. "ते तिचं आहे," म्हणाला.

"आणि नाहीच लागले तर?"

"मग मी तुझ्यावर ढकलीन."

गुरुवारी दुपारी बारीक बर्फ पडत होतं. आईचं सामान माझ्या गाडीत भरून झालं होतं. दोन पेट्या, टीव्ही, आणि केकचा डबा. आईने जांभळा चांगला कोट घातला होता आणि ओठांना रंग लावला होता. बेग्गीने आणि मी तिला उचलून पिकअपच्या सीटवर बसवलं. तीही चालवणाऱ्याच्या जागेवर. मी म्हटलं, "आई, तू कशी चालवणार?" ती म्हणाली, "चालवायला कोण सांगतंय? बसणार तर माझ्याच जागेवर." मग मीच तिला पुन्हा उचलून पलीकडे सरकवलं, गाडी काठाच्या त्याच टोकापर्यंत नेली, आणि तिथे तिला तिची जागा परत दिली. या अदलाबदलीत ती माझ्या अंगावर इतक्या वेळा ओरडली की रडायला सवडच मिळाली नाही.

गाडी तळ्याकडे तोंड करून उभी राहिली. पुढे नुसतं राखाडी. वाल्दी चालत आला आणि गाडीसमोर, थोडा बाजूला, उभा राहिला. दोन्ही दिवे लागतात का ते कुणीतरी पुढून बघायला हवं होतं, आणि ते काम त्याने घेतलं होतं, ज्याला मधलं दिसत नाही त्याने.

आईने हातमोजा काढला. बटण शोधावं लागलं नाही तिला. धरलं आणि ओढलं.

आधी काहीच झालं नाही, निदान मला तसं वाटलं. मग पडत्या बर्फात दोन पिवळसर पट्टे दिसले, जवळच संपणारे. हल्लीच्या दिव्यांपुढे ते काहीच नव्हते. वाल्दीने मान वळवली, तोंड बाजूच्या झाडांकडे केलं, आणि डोळ्याच्या कडेने बघत राहिला.

"दोन्ही?" आईने काच खाली करून विचारलं.

"दोन्ही."

तो खिडकीशी आला. टोपी काढून हातात घेतली. त्याच्या डोक्यावर बर्फ साठायला लागलं.

"आस्ता, मला एक बोलायचंय."

"बोल की. गिमलीत पाचला जेवायला वाढतात म्हणे. वेड्यांचा बाजार आहे."

"हे पेतुरसाठी लावले होतेस. मी आलो त्याच्यावर." त्याचा आवाज फाटला. त्याने पुन्हा सुरू केलं. "मी आलो, आणि मला सगळं आयुष्य मिळालं. चांगलं आयुष्य. तुझे आभार कसे मानायचे ते मला कधी कळलं नाही."

आई समोर दिव्यांकडे बघत होती.

"तू आलास तेव्हा तुझ्या भुवयांवर बर्फ होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, पेतुरच. मग बघितलं तर तू. खोटं कशाला सांगू, घटकाभर मला तुझा राग आला, आणि त्याच्याहून देवाचा. मग तुझे हात हातात घेतले. लाकडासारखे झाले होते. चोळता चोळता एका बोटात जीव आला, मग दुसऱ्या. आणि मला वाटलं, कुणीतरी आलं. माझे दिवे फुकट नाही गेले." तिने त्याच्याकडे तोंड वळवलं. "तेवढं नसतं ना वाल्दी, तर मी त्या सीटवरनं उठलेच नसते. ही पोर घेऊन तिथंच बसून राहिले असते. तू कसले आभार मानतोस? तू आलास म्हणून मी घरी गेले."

मी मागच्या बाजूला बर्फात उभी होते आणि मला दोघांची तोंडं दिसत नव्हती. बरं झालं.

"रूना, तू रडू नकोस गं," आई मागे न बघता म्हणाली. मग तिने बटणावर तळवा ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. "मी निघते हं, पेतुर," म्हणाली ती, रोज कामाला निघताना सांगावं तशी, आणि बटण आत ढकललं.

दिवे गेले. तळं होतं तसंच राखाडी राहिलं. बेग्गीने लांबून हात करून विचारलं, झालं का, आणि मी मान हलवली. आईने काच वर केली आणि हातमोजा घालायला लागली. तिची बोटं वाकत नव्हती, म्हणून मी दार उघडून तिला मदत करायला गेले.

वाल्दी गाडीच्या पुढे गेला होता. त्याने उजवा हातमोजा काढून काखेत धरला होता आणि उघडा तळवा दिव्याच्या काचेवर टेकवला होता. काचेवर पडलेलं बर्फ वितळून त्याच्या मनगटावरून खाली ओघळत होतं. आई म्हणाली, "त्याला हाक मारू नकोस, उशीर झाला तर होऊ दे." आम्ही थांबलो. काच गार होईपर्यंत त्याने हात काढला नाही.